बेसहारा

मोहल्ल्यातल्या कितीतरी लोकांचे अर्ज मी लिहून दिले आहेत. आपाचा अर्ज मात्र दोनदा अर्धवट राहिला.

आपा विधवा. भाड्याच्या खोलीत राहून शिलाईवर पोट भरायची. स्तनाचा कर्करोग निघाला, केमो सुरू झाली आणि मशीन बंद पडलं. मला वाटलं, दिव्यांगाचं प्रमाणपत्र मिळेल. पण २०१६च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत कर्करोग नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत तो दुर्धर आजार म्हणून धरला जातो. तिथे महिना १५०० रुपये मिळतात. त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो, सरकारी डॉक्टरांचा दाखला लागतो. रेशनकार्डावर आपाच्या नावापुढे ‘बी’, आधारवर ‘शेख’. त्याचं प्रतिज्ञापत्र वेगळं.

सहीच्या वेळी आपाने विचारलं, “निराधार म्हणजे?”

मी म्हटलं, “बेसहारा.”

“दो भाई रहते मैं बेसहारा कैसी?”

पेन माझ्या हातातच राहिलं. ईदला आम्ही साडी देत होतो, दवाखान्यात डबा नेत होतो. खोलीचं भाडं कोण भरतं, हे एकाही भावाने विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, “आपा, ही खैरात नाही, तुझा हक आहे.” तिने सही केली.

अनुदान सुरू झालं. भाडं आता आम्ही दोघे भाऊ भरतो. घरात असा आजार असेल तर अर्ज जरूर करा. फक्त सरकारने हात दिला म्हणून आपला हात मागे घेऊ नका.