बाबांचा रेझर

बाबालोकांनो, तुम्हीही वाचा.

मी सी.ए. आहे. इथे इंग्लंडमध्ये ३१ जानेवारीच्या टॅक्स रिटर्नच्या धांदलीत माझं घराकडे लक्ष नसतं. यंदा त्याच दिवसांत माझी १६ वर्षांची लेक आजीच्या रविवारच्या व्हिडिओ कॉलवर यायचं टाळू लागली. मला वाटलं, अभ्यास असेल. मग बाबांचा रेझर तिच्या खणात सापडला. ती रोज हनुवटी करत होती. आजी एकदा कॉलवर म्हणाली होती, "अगं, मिशी फुटली की तुला!" आणि मी हसले होते.

पाळीचं विचारलं तर म्हणाली, "चार महिने झाले, आई. तू बिझी होतीस." लोकांच्या हिशोबातला एका पेनीचा फरक मी शोधून काढते. हा फरक मला दिसला नाही.

जीपीकडे गेलो. पीसीओएस निघालं. तिथे कळलेलं सांगते. पाळी सुरू होऊन तीन वर्षं झाली तरी दोन पाळ्यांत ३५ दिवसांहून जास्त अंतर पडत असेल, किंवा पहिल्या वर्षानंतर एकदा जरी ९० दिवस उलटले, तर दाखवायचं. "या वयात होतंच" म्हणून सोडायचं नाही. रक्तातले हार्मोन्स, थायरॉइड, साखर तपासली. सोनोग्राफी नाही केली, कारण या वयात निरोगी मुलींची अंडाशयंही तशीच दिसू शकतात.

उपाय म्हणून गर्भनिरोधक गोळ्या सांगितल्या. खोटं कशाला बोलू, आधी मनात आलं, लोक काय म्हणतील! पण या गोळ्यांनी पाळी नियमित येते, गर्भाशयाचं अस्तर साचत नाही, पुरुषी हार्मोनचा जोर कमी होतो. देण्याआधी बीपी, मायग्रेन, घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या का, सगळं विचारलं. केसांत फरक दिसायला सहा महिने तरी लागतात. तोवर थ्रेडिंग किंवा रेझर चालतो, त्याने केस जाड होत नाहीत. पुढे लेझर आहेच.

आईला फोन करून सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मलाही होते गं. बेसन चोळून चोळून कातडी सोलून घ्यायचे मी."

गेल्या रविवारी आजी-नात बोलल्या. कॅमेरा पाच मिनिटं चालू होता.

आज लेकीला एवढंच विचारा: मागची पाळी कधी आली होती? आणि उत्तर ऐकताना लॅपटॉप मिटा.