स्पंजाच्या ठशांचे मोल

लोणच्याची जुनी जड बरणी ज्या घट्ट, झिलईदार मातीची असते, तिला व्यापारात ‘स्टोनवेअर’ म्हणतात. सुमारे १२०० अंश सेल्सिअस वा त्याहून अधिक तापमानाला भाजली की ही माती दगडासारखी होते व पाणी शोषत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९३० च्या दशकापर्यंत अमेरिकेतील ओहायो, इलिनॉय, मिनेसोटा आदी राज्यांतील कारखान्यांनी या मातीचे वाडगे, जग व लोण्याची भांडी घडवली आणि त्यांवर स्पंजाने निळे, तांबूस, हिरवे ठसे उमटवले. काम झटपट होई, मजुरी कमी लागे आणि माल सामान्य शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात जाई. आज संग्राहक तीच भांडी जपून ठेवतात.

त्यांतील पुष्कळ भांड्यांवर कारखान्याची खूण नसते. म्हणून पारख हाताने, डोळ्याने आणि कानाने करावी लागते. अस्सल नगाचा रंग झिलईखाली असतो. बोट फिरवल्यास ठसा वेगळा लागत नाही. हाताने उमटवलेले ठसे कुठे दाट, कुठे विरळ असतात. तळाचे कडे वर्षानुवर्षांच्या वापराने झिजलेले व मळलेले दिसते. बोटाने टिचकी मारली असता खणखणीत आवाज आला तर भांडे बहुधा अभंग समजावे. बद्द आवाज आला तर तडा शोधावा. लुकण भरून रंगवलेला टवका अंधारात अतिनील दिव्याखाली अनेकदा वेगळा चमकतो.

मिसिसिपीच्या काठावरील रेड विंग या गावाचा इतिहास व्यापाऱ्यांना विशेष जवळचा वाटेल. तेथील कारखाने १९०६ मध्ये एकत्र येऊन रेड विंग युनियन स्टोनवेअर कंपनी झाली. १९३६ मध्ये तिचे नाव रेड विंग पॉटरीज झाले आणि १९६७ मध्ये ती बंद पडली. गावोगावचे किराणा दुकानदार तिच्याकडून वाडगे मागवत, आत तळाशी दुकानाचे व गावाचे नाव छापून घेत आणि गिऱ्हाइकांना भेट देत. गृहिणी रोज पीठ कालवी, आणि वाडगा रिकामा झाला की दुकानदाराचे नाव वर येई. त्यांतील कित्येक दुकाने आज उरलेली नाहीत. नावे मात्र वाडग्यांच्या तळाशी शाबूत आहेत, आणि त्या नावांमुळेच साध्या वाडग्याची किंमत वाढते.

किंमत ठरवताना आकाराची दुर्मीळता, रंग, झाकण, छापील नाव आणि स्थिती यांचा विचार होतो. टवका उडालेला साधा वाडगा थोड्या डॉलरांत मिळतो. दुर्मीळ व निर्दोष नग शेकडो डॉलरांना जातो. इतका फरक असला की लबाडीलाही वाव मिळतो. जुन्या कोऱ्या वाडग्यावर मागाहून दुकानाचे नाव चढवले जाते, तड्यावर रंग फासला जातो, नवा माल जुना म्हणून मांडला जातो. अक्षरे झिलईच्या वर लागत असतील तर जाणता ग्राहक म्हणूनच थबकतो.

श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ गणला आहे, म्हणजे अस्सलाच्या जागी नक्कल देणे. बुजवलेला तडा न सांगता विकणारा याच अतिचारात सापडतो. पण कठीण प्रश्न खरेदीदाराचा आहे. आईच्या पश्चात स्वयंपाकघर आवरणारी मुलगी दुर्मीळ वाडगा जुन्या ताटल्यांच्या भावाने देऊ करते. समोरच्या जाणकाराला त्याचे मोल ठाऊक असते. तो गप्प राहिला तर कायदा त्याला सहसा पकडत नाही. त्याने चोरी केली असेही कोणी म्हणणार नाही. तरीही त्याचा सारा नफा तिच्या अज्ञानातून आलेला असतो, आणि हे त्याला पैसे मोजतानाच कळत असते.

परिश्रमाने मिळवलेल्या ज्ञानाचा मोबदला घेण्यात गैर काही नाही. सराफही पारखीचे पैसे घेतो. मात्र सोने पितळ म्हणून विकत घेत नाही. जाणकाराने त्या मुलीला वाडग्याचे खरे मोल सांगावे, आपला वाजवी नफा राखून भाव बोलावा, आणि पुढे विकताना पावतीवर चार गोष्टी लिहाव्यात: अंदाजे काळ, माहीत असल्यास कारखाना, दिसणारे दोष आणि केलेली दुरुस्ती. असा व्यवहार करणाऱ्याचा एखादा सौदा हुकेल, पण घेतलेले व दिलेले दोन्ही भाव तो कोणासमोरही वाचून दाखवू शकेल.