एक पायरी पुढची

मुलगी बी.एस्सी.ला गेली की घरोघरी मंत्र सुरू होतो: "मैत्रिणी पुरे, आता दार लावून अभ्यास कर!" मी तीस वर्षे पदार्थविज्ञान शिकविले, या मंत्राचा गुण आलेला मला तरी दिसला नाही.

पहिल्या वर्षाची मुलगी लंबकाचा प्रयोग करते. गुरुत्वीय त्वरण ९.८ यायचे, ते ९.५ येते. झाले! बाईसाहेब रडवेल्या होतात आणि हळूच आकडा खोडू लागतात. अशा वेळी आम्हा प्राध्यापकांनी कितीही गोड बोलावे, तिला ती उलटतपासणीच वाटते. पण दुसऱ्या वर्षाची एखादी ताई म्हणते, "खोडू नकोस गं. माझे तर ९.३ आले होते! मोजण्यात फरक कुठे पडला, तेवढे लिही." त्या एका वाक्याने मुलगी विज्ञानात टिकते, शिवाय खरे लिहायला शिकते, ते वेगळेच.

१९७० च्या दशकात अमेरिकेतील बर्कली येथे यूरी ट्राइसमन यांनी कॅल्क्युलसमध्ये मागे पडणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. मुले कष्टाळू होती; पण एकेकटी अभ्यास करीत. यशस्वी चिनी वंशाची मुले मात्र एकत्र बसून एकमेकांची गणिते तपासत. ट्राइसमन यांनी कठीण गणिते देऊन सर्वांना एकत्र बसविले, आणि मागे पडलेली मुले पुढे आली.

आम्हा म्हाताऱ्यांना शिखर ठाऊक असते. ठेच कुठे लागते, ते कालच ठेचाळलेल्यालाच नेमके ठाऊक! तेव्हा पुढच्या वर्गातली ताई घरी आली, तर घड्याळाकडे पाहू नका. चहा टाका.