साखर निर्दोष होती

भोपाळच्या अयोध्या नगरात आमचं घर. आजोबा भेलमध्ये नोकरीला लागले आणि वसईचं आमचं कुटुंब इकडचंच झालं. घरात मराठी, गल्लीत हिंदी. नाताळ मात्र अजून वसईचा. त्या दिवसांत आजी खोबऱ्याच्या वड्या थापते.

मागच्या नाताळात मी पहिल्यांदाच वडीला नको म्हटलं. डॉक्टरांनी आयबीएस सांगितलं होतं आणि आहारतज्ज्ञांनी लो फॉडमॅप आहार. आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या, आंबून गॅस करणाऱ्या काही शर्करा म्हणजे फॉडमॅप. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाच्या संशोधकांनी 2005 मध्ये हे नाव दिलं. मी अर्धवट वाचून ठरवलं: गोड बंद, खोबरंही बंद. आजी काही बोलली नाही. तिने डब्याला झाकण लावलं, बस्स.

वर शहाणपणा असा, की दुसऱ्या दिवशी मी दुकानातली 'शुगर-फ्री' नारळबर्फी खाल्ली. रात्रभर पोट ढोलासारखं! वेष्टन वाचलं तर त्यात माल्टिटॉल. तो पॉलिओल, म्हणजे फॉडमॅपमधला शेवटचा 'पी'.

मग नीट वाचायला बसले. साध्या साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज समसमान, म्हणून ती बेताने खाल्ली तर सहसा पचते. सुक्या खोबऱ्यात थोडं सॉर्बिटॉल असतं; त्यामुळे थोडं चालतं, वाटीभर नाही. आमच्या वडीतला खरा गुन्हेगार होता कंडेन्स्ड मिल्क, त्यातल्या लॅक्टोजमुळे.

"आजी, वसईला पण दुधाचा डबा घालायचीस?"

"छे गं! नारळ नि साखर. इथे पाकिटातला कीस कोरडा पडतो, म्हणून तुझ्या आईने डबा सुरू केला."

तिने त्याच संध्याकाळी नारळ फोडला. मी एक वडी खाल्ली. पोट गप्प राहिलं. दुसरी मागितली नाही, कारण प्रमाणही औषधासारखंच पाळायचं असतं.

हा कडक आहार दोन ते सहा आठवड्यांचाच. पुढे एकेक पदार्थ परत आणून बघायचा. उपवासकाळानंतर ईस्टर येतो, तसंच. मी मात्र सरसकट सोडण्यालाच पथ्य समजले, आणि त्यात आजीलाही दुखावलं.

यंदा दोन डबे असणार आहेत. बिनदुधाच्या डब्यावर आजीने आत्ताच माझं नाव लिहून ठेवलंय.