बॅग हैदराबादेत, मी कोल्हापुरात!

शुक्रवारी हाफ डे टाकायचा, फ्लाइट पकडायची आणि रात्री आईच्या हातचा पांढरा रस्सा ओरपायचा. हैदराबादेत नोकरी करणाऱ्या माझा हा लाडका प्लॅन. यावेळी मात्र त्याचा पार विचका झाला. विमान तीन तास लेट. कारण? 'ऑपरेशनल.' हातात सँडविच आणि ज्यूस. उजळाईवाडीला उतरले, बेल्ट फिरत राहिला, पण माझी निळी बॅग काही आली नाही. तिच्यात आजीची पैठणी होती, रफू करून आणलेली. रविवारी बहिणीच्या साखरपुड्यात मी ती नेसणार होते.

आमचा विमानतळ तसा मानाचा. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ मध्ये सुरू झालेला. मधली काही वर्षं सेवा ठप्प होती. २०१८ मध्ये 'उडान' योजनेतून विमानं परत आली आणि २०२४ मध्ये कमानींचं देखणं टर्मिनल उभं राहिलं. पण रिकाम्या बेल्टपुढे उभं राहिल्यावर कमानी कोण बघतंय?

शनिवारी संध्याकाळी खासबागेत भेळ खाताना शाळेतल्या मित्राला गाठलं. तो आता वकील आहे. शाहू महाराजांच्या कुस्तीच्या मैदानाशेजारी आमचीही कुस्ती लागली.

"मी सोडणार न्हाई, भांडून आलो की काउंटरवर!" मी म्हटलं. (हैदराबादेत 'आले' म्हणणारी मी कोल्हापुरात पाय ठेवला की 'आलो' म्हणते!)

"भांडलीस, पण लेखी घेतलंस का?" तो थंडपणे म्हणाला. रिपोर्ट घेतला होता, नशीब. मग त्याने नियम उलगडले. डीजीसीएच्या २०१० च्या नियमांनुसार लहान पल्ल्याच्या विमानाला दोन तास उशीर झाला की खाणंपिणं द्यायचं. सहा तासांपेक्षा जास्त उशीर असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण रिफंड. उशिराबद्दल रोख रक्कम मात्र नियमात नाही.

"आणि युरोपात?" मी उसळले. तिथे २००४ मध्ये नियम आला आणि २००९ च्या कोर्टाच्या निकालानंतर तीन तासांच्या उशिरालाही रोख भरपाई मिळू लागली. लहान पल्ल्याला २५० युरो!

"अगं, इथं तसा दंड लावला तर छोट्या शहरांची विमानं पहिली बंद होतील. मधली वर्षं विसरलीस?"

मुद्दा बिनतोड होता. पण मलाही एक सुचला. मुंबईत एक विमान चुकलं तर दोन तासांनी दुसरं मिळतं. आमच्याकडे थेट उद्याच! मग छोट्या शहराच्या प्रवाशाला संरक्षण जास्त हवं की कमी? वकीलसाहेब भेळेत चमचा फिरवत गप्प.

राहिली बॅग. देशांतर्गत प्रवासात तिची भरपाई जास्तीत जास्त २० हजार रुपये, ही २०१४ ची मर्यादा. त्याहून मौल्यवान काही असेल तर चेक-इन करतानाच तसं जाहीर करून जादा पैसे भरायचे. "पैठणीचं बिल आहे?" त्याने विचारलं. पन्नास वर्षांपूर्वीच्या साडीचं बिल? आजीच्या घामाच्या वासाचं व्हॅल्युएशन कोण करणार?

साखरपुड्याला मी आईची इरकल नेसले. आजी काही बोलली नाही, फक्त दोनदा विचारलं, "आली का गं?" बॅग सोमवारी आली. पैठणी शाबूत होती, मुहूर्त मात्र गेला होता. त्याला कुठल्या नियमात रकाना नाही. आता पैठणी आजीच्या कपाटात आहे. पुढच्या वेळी ती माझ्या मांडीवर बसून प्रवास करील.

एवढं लक्षात ठेवा
• बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्याआधी लेखी रिपोर्ट घ्या.
• बॅग मोडकी मिळाली तर ७ दिवसांत, उशिरा मिळाली तर २१ दिवसांत लेखी तक्रार करा.
• अडचणीत घेतलेल्या कपड्यांची बिलं जपा.
• 'एअरसेवा'वर तक्रार नोंदवा. तरी दाद नाही मिळाली तर २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येतं.