कुटुंबासाठी फोर बाय फोर

फोर बाय फोर म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना देता येते अशी गाडी. या एका नावाखाली शोरूममध्ये दोन अगदी वेगळ्या यंत्रणांच्या गाड्या उभ्या असतात आणि शेजारीच तितकीच उंच, दणकट दिसणारी, पण दोनच चाकांवर चालणारी तिसरी गाडी लावलेली असते. निवडीतला बहुतेक घोळ इथे सुरू होतो. पुण्यात राहणाऱ्या आणि गुहागर तालुक्यात गावचे घर असलेल्या एका कुटुंबाची खरेदी हा या घोळाचा नमुना आहे. नवरा-बायको, दोन मुले आणि गुडघ्यांनी बेजार झालेली आजी अशी पाच माणसे. प्रवास कराड, कुंभार्ली घाट, चिपळूण असा, सगळा डांबरी. अडचण फक्त वाडीकडे वळल्यानंतरची आहे. तिथे जांभ्याचा उभा चढ, एक पऱ्या (लहान ओढा) आणि पावसाळ्यात पिंढरीपर्यंत लाल चिखल.

पहिली यंत्रणा खरी जुन्या जीपच्या वंशातली. मुंबईत 1940 च्या दशकाच्या अखेरीस विलीज जीप जोडल्या जाऊ लागल्या, तेव्हापासून ती महाराष्ट्राला परिचित आहे. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस असते आणि तिचा वेगळा दांडा किंवा बटण असते. टू-हायमध्ये मागची दोन चाके चालतात, फोर-हायमध्ये चारही चालतात आणि फोर-लोमध्ये गाडीचा वेग साधारण दोन ते अडीच पटींनी कमी होऊन चाकांवरचा जोर तेवढाच वाढतो. थार, जिम्नी, गुरखा या गाड्या या गटातल्या. यातल्या बहुतेकांत मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, नसतो. वळणावर पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात. चिखलात किंवा वाळूत चाक थोडे घसरून तो फरक भरून निघतो, कोरड्या डांबरावर मात्र सगळा ताण यंत्रणेवर येतो. म्हणून अशी गाडी कोरड्या रस्त्यावर टू-हायमध्येच चालवायची असते.

दुसरी यंत्रणा ऑल-व्हील-ड्राइव्हची. ग्रँड विटाराच्या ऑलग्रिप प्रकारात ती आहे. पुढची चाके घसरू लागली की क्लच आपोआप मागच्या चाकांकडे ताकद पाठवतो. ओल्या घाटात हिचा उपयोग मोठा, कारण चालकाला काहीच करावे लागत नाही. मात्र लो गिअर नसतो. मोठमोठ्या दगडांच्या चढावर गाडी रांगत चढवायची तर मॅन्युअल गिअरच्या गाडीत चालक हाफ क्लचवर खेळत राहतो आणि जळका वास येऊ लागतो. उतारावरही लो गिअरमध्ये इंजिन गाडी धरून ठेवते. ते नसेल तर सगळा भार ब्रेकवर.

तिसऱ्या प्रकारात फक्त चिखल, वाळू, बर्फ अशा नावांचे मोड असतात. ते ब्रेक आणि अॅक्सिलरेटरचे वागणे बदलतात, पण ताकद दोनच चाकांना जाते.

या तिन्हींतला फरक कळण्याची जागा म्हणजे टेस्ट ड्राइव्ह, आणि नेमकी तिथेच ग्राहकाची सर्वात जास्त फसगत होते. वरील कुटुंब ज्या पहिल्या शोरूममध्ये गेले, तिथे फोर बाय फोरसाठी नाव नोंदवले असूनही टेस्टला टू-व्हील-ड्राइव्ह गाडी आणली गेली. 'साहेब, गाडी तीच आहे, फक्त तो दांडा नाही,' असे उत्तर मिळाले. ज्या दांड्यासाठी लाखभराहून जास्त रक्कम वेगळी मोजायची, त्याचीच ही गोष्ट. आठवड्याने फोर बाय फोर आली, तर लोला हात लावू नका, असे बजावले गेले. फेरी ठरलेली होती. सर्व्हिस रोडने पुढे जायचे, उड्डाणपुलाखालून यू-टर्न घ्यायचा आणि परत यायचे. शोरूमच्या मागे भरावाचा मातीचा ढीग होता, त्यावरही गाडी नेऊ दिली नाही, कारण टायर मळले तर पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायची गाडी धुवावी लागेल. आजीला मागच्या सीटवर बसवून पाहू द्या म्हटले, तर गाडीत चारच जण, तेही सेल्समन धरून. बुकिंगची रक्कम मात्र 'आजच भरली तर' या बोलीवर मागून झाली. चिखलासाठी बनवलेली गाडी चिखल न दाखवता विकायची, ही पद्धत एका शोरूमपुरती नाही. अनेक ग्राहक लो गिअर पहिल्यांदा वापरतात तेव्हा गाडी आधीच रुतलेली असते. मोबाइल घेताना दुकानदार त्यात सिम घालून दाखवतो. वीस लाखांच्या गाडीला तेवढाही मान नसावा, याचे नवल वाटते. ज्या शोरूममध्ये लो टाकून दाखवत नाहीत, तिथे बुकिंग करू नये. दुसरे शोरूम गाठावे किंवा ती गाडी वापरणाऱ्या ओळखीच्या माणसाला गाठावे.

दुसरी अडवणूक व्हेरिएंटची. चार चाकांची ताकद अनेकदा वरच्या व्हेरिएंटलाच जोडलेली असते, त्यामुळे चिखलासाठी निघालेला ग्राहक सनरूफचेही पैसे भरतो. थार रॉक्स 15 ऑगस्ट 2024 रोजी बाजारात आली. तिच्यात फोर बाय फोर फक्त डिझेलमध्ये आहे आणि सुरुवातीच्या व्हेरिएंटमध्ये नाही. जून 2023 मध्ये आलेल्या पाच दरवाजांच्या जिम्नीत उलट आहे. तिच्या प्रत्येक व्हेरिएंटला लो गिअर मिळतो.

डिझेलचा आणखी एक मुद्दा कुटुंबाने ध्यानात घ्यावा. धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ साफ होण्यासाठी गाडी काही काळ सलग वेगात पळावी लागते. मुलांना शाळेत सोडणे आणि भाजी आणणे एवढेच रोजचे चालणे असेल, तर तो तुंबतो.

यानंतर माणसे मोजावीत. जिम्नी हलकी, अरुंद आणि पाणंदीतून सहज निघणारी, पण चार आसनांची. मागची सीट उभी असताना सामानाला 208 लिटर जागा उरते. तीन दरवाजांच्या थारमध्ये मागे बसायला पुढची सीट दुमडून चढावे लागते, ते आजीला जमणारे नाही. पाच दरवाजांच्या गुरखात तीन रांगा आहेत आणि पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शियलना यांत्रिक लॉक आहेत. एक चाक हवेत लटकले की साधा डिफरन्शियल सगळी ताकद त्याच चाकात वाया घालवतो. लॉक ते थांबवते. कठीण वाटेसाठी यापेक्षा तयार कौटुंबिक गाडी या किमतीत सहसा मिळत नाही. पण तिला फक्त मॅन्युअल गिअर आहेत आणि आत चढण्याची पायरी उंच आहे. पाच माणसांसाठी रॉक्स त्यातल्या त्यात समतोल ठरते. फॉर्च्युनरचे बजेट वेगळे.

बहुतेकांना ठाऊक नसते, पण चिखलात पहिला फरक टायर करतात. अनेक गाड्यांसोबत येणारे हायवे टायर लाल मातीत चटकन गुळगुळीत होतात. ऑल-टेरेन टायर रस्त्यावर थोडे गुणगुणतात, पण रस्ता आणि चिखल दोन्ही सांभाळतात. मड टायर कुटुंबाच्या गाडीला नकोत; ओल्या डांबरावर त्यांची पकड कमी आणि आवाज फार. वाळूत हवा 16 ते 18 पीएसआयपर्यंत उतरवावी लागते आणि बाहेर येताच भरावी लागते, म्हणून छोटा कंप्रेसर बरोबर असावा. कोकणातल्या किनाऱ्यांवर गाड्या रुततात आणि भरतीत सापडतात, त्यात फोर बाय फोरही असतात. किनारा हा गाडी नेण्याचा रस्ता नव्हे, आणि गोव्यात तर त्यासाठी गुन्हा दाखल होतो.

पाण्याबद्दलही गैरसमज आहे. गुरखाची 700 आणि रॉक्सची 650 मिलिमीटर ही पाण्यातून जाण्याची क्षमता संथ पाण्यासाठी आहे. वाहत्या पऱ्यात गाडी त्याहून कमी पाण्यात उचलली जाते, आणि चाके जमिनीला टेकलीच नाहीत तर ती चार फिरली काय आणि दोन फिरली काय.

गाडीत बदल करण्याआधी नियमही पाहावेत. पुढे लोखंडी बुलबार लावण्यावर डिसेंबर 2017 पासून बंदी आहे. गाडीच्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले. गाडी उंच करणारे किट बसवल्यास वॉरंटी आणि विमा दोन्ही अडचणीत येऊ शकतात.

एवढे सगळे मांडल्यावर हिशेब फोर बाय फोरच्या विरोधात जातो, हेही सांगितले पाहिजे. वाडीतले लोक वर्षातले आठ महिने साध्या छोट्या गाडीनेच ये-जा करतात. सप्टेंबर 2025 पासून या वर्गातल्या गाड्यांवर 40 टक्के जीएसटी आहे, त्यावर आरटीओचा कर. वजनामुळे इंधनही जास्त लागते. लो गिअर हाच निकष धरून निघालेल्या त्या कुटुंबालाही अखेरीस चांगल्या टायरची टू-व्हील-ड्राइव्ह पुरेशी वाटू लागली होती. तरी त्यांनी फोर बाय फोरच घेतली, कारण आषाढात आजीला चिपळूणच्या दवाखान्यात न्यायचे तर तो चढ पायी उतरणे तिला शक्य नाही. असे ठोस कारण ज्यांच्याकडे आहे, त्यांनीच या गाडीवर पैसे घालावेत. बाकीच्यांनी टू-व्हील-ड्राइव्ह घ्यावी, टायर चांगले घालावेत आणि पावसात गाडी वाडीच्या फाट्यावर लावून चालत जावे.