हजेरीचे नवे रजिस्टर

चिपळूणला आमच्या मोहल्ल्यात मुलामुलींचा कराटेचा वर्ग चालतो. लोक त्याला क्लब म्हणतात, पण त्याला स्वतःची इमारत नाही आणि रस्त्यावर पाटीही नाही. एका शाळेचा तळमजल्यावरचा हॉल आठवड्यातून तीन दिवस, असर आणि मगरिबच्या मधल्या वेळेत, आम्हाला मिळतो. आम्ही म्हणजे काही पालक, याच वर्गात शिकून ब्लॅक बेल्ट झालेल्या दोन मुली आणि हिशेब सांभाळणारे एक निवृत्त मास्तर. मास्तरांना लहानथोर सगळेच चाचा म्हणतात. शिकवणारे सर पलीकडच्या आळीतले, हिंदू कुटुंबातले. मुलगे आणि मुली वेगवेगळ्या रांगांत उभे राहतात. मुलींच्या रांगेपुढे आमच्या दोन्ही आपा असतात आणि भिंतीलगतच्या बाकावर कुणाची तरी अम्मी किंवा दादी बसलेली असते.

अगदी सुरुवातीला एक प्रश्न आला होता. कराटेत वर्ग सुरू होताना वाकून अभिवादन करतात, काही ठिकाणी तर भिंतीवरच्या फोटोसमोर वाकतात. मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनी सरांना सरळ विचारले, "आमची मुलं अल्लाहशिवाय कुणापुढे झुकत नाहीत. मग हे कसं जमायचं?" सर म्हणाले, "मान द्यायचा आहे ना, तो हात छातीवर ठेवूनही देता येतो." हॉलमध्ये फोटो लागलाच नाही. मुले ताठ उभी राहून, उजवा हात छातीवर ठेवून सरांना सलाम करतात आणि सरही तसेच उत्तर देतात. पाच मिनिटांत मिटलेली ही गोष्ट. पण पुढे जे दिवस आले त्यात या पाच मिनिटांतून जमलेला विश्वास फार कामी आला.

फोनवरची हजेरी

मार्च 2020 मध्ये सगळेच बंद झाले तेव्हा आमच्या रजिस्टरवर 63 नावे होती. त्यातल्या 27 मुली. पहिले काही दिवस सरांनी मोबाईलवरून शिकवून पाहिले. पण बहुतेक घरांत एकच फोन, त्यावर शाळेचा अभ्यास, आणि नेट कधी असे, कधी नसे. कॅमेऱ्यात मुलाचे पाय दिसत नाहीत आणि कराटे तर पायांपासून सुरू होतो.

मग चाचांनी तोडगा काढला. मोठ्या सात मुलामुलींना प्रत्येकी नऊ नावे वाटून दिली. दर शुक्रवारी दुपारच्या नमाजनंतर त्या नऊ घरी फोन करायचा आणि तीन गोष्टी विचारायच्या. घरात सगळ्यांची तब्येत कशी आहे? काही अडचण आहे का? आणि या आठवड्यात काता किती वेळा केलास? प्रश्न याच क्रमाने विचारायचे, असे त्यांनी बजावून सांगितले होते. संध्याकाळी सातही जण चाचांना कळवत आणि चाचा रजिस्टरमध्ये हजेरी मांडत. वर्ग बंद, पण हजेरी चालू.

काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचाली. समोर कुणी नसते, पण आहे असे मानून अडवायचे आणि मारायचे. आमच्या मुलांचा पहिला काता हेयान शोदान. त्यात 21 हालचाली असतात आणि साहित्य काहीच लागत नाही. कुणी अंगणात केला, कुणी गच्चीवर. एकाने पलंग आणि कपाटाच्या मधल्या जागेत केला. दोन पावले पुढे गेला की पुन्हा मागे येऊन तिसरे पाऊल टाकायचे, असा त्याने स्वतःच मार्ग शोधला होता.

अडचणींची उत्तरे मात्र जड होती. आमच्याकडे कित्येक घरे आखाती देशांतल्या कमाईवर चालतात. कुणाचे अब्बा तिकडे अडकले होते, कुणाचे काम सुटून परतले होते. महिन्याची फी 300 रुपये, पण त्या दिवसांत 300 रुपयांत आठवड्याची भाजी येत होती. फीचे नाव काढले तर लोक मुलांना वर्गातूनच काढतील, ही भीती होती. फी मागितली नाही तर सर काय खाणार, ही दुसरी.

क्लबच्या गप्पांत मुलांविषयी बोलणे होते, पदकांविषयी होते. शिकवणाऱ्याच्या चुलीविषयी सहसा कुणी बोलत नाही. सरांचे घर याच वर्गांवर चालत होते. दोन महिन्यांत ते सकाळी नाक्यावर भाजी विकायला बसू लागले. त्यांनी आम्हाला एका शब्दाने सांगितले नाही. एका अम्मीने भाजी घेताना पाहिले, म्हणून कळले.

चाचांनी मोहल्ल्यातल्या दुकानात एक डबा ठेवला. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक घराने एक बंद पाकीट त्यात टाकायचे, पाकिटावर नाव लिहायचे नाही. ज्याला जमेल त्याने पूर्ण फी, ज्याला जमेल त्याने जास्त. ज्याला जमत नसेल त्याने रिकामे पाकीट टाकावे, पण पाकीट टाकावेच. कोण देतो आणि कोण देत नाही, हे चाचांनाही कळत नव्हते. काही पाकिटे रिकामी निघत, काहींत हजार निघत. पहिल्या महिन्याची रक्कम घेऊन चाचा सरांकडे गेले आणि म्हणाले, "ही पुढच्या महिन्यांची आगाऊ फी आहे. शिकवून फेडा." सरांनी रक्कम मोजली आणि तेवढ्याची पावती लिहून दिली. ती पावती घेताना चाचांचे डोळे भरून आले होते.

त्याच काळात घरबसल्या परीक्षा आणि पोस्टाने पट्टे, असे प्रकार कानावर येऊ लागले. काही पालकांनी विचारलेही. फी जमा झाली असती आणि सरांना पैशांची गरज होती. सर म्हणाले, "बेल्ट घरपोच येत नसतो. हॉल उघडल्यावर बघू." त्या वर्षी आमच्या क्लबमध्ये कुणाचाच पट्टा बदलला नाही.

ईदच्या दुसऱ्या दिवशी

2021 मध्ये बकरी ईद 21 जुलैला, बुधवारी होती. दिवसभर पाऊस कोसळत होता. गुरुवारी पहाटेपासून वाशिष्ठीचे पाणी गावात चढत गेले. 26 जुलै 2005 चा पूर आम्ही पाहिला होता, म्हणून अनेकांनी सामान त्या खुणेच्या वर ठेवले. या वेळी पाणी त्याही वर गेले. कुर्बानीचे गोश्त ठेवलेले फ्रीज घरातच तरंगू लागले. लोक माळ्यावर गेले, माळ्यावरून छपरावर गेले. वीज गेली, पाठोपाठ फोनही बंद पडले.

पाणी ओसरल्यावर कराटेची आठवण कुणाला येणार? पण त्या सात मुलामुलींना आपापली नऊ नावे तोंडपाठ होती. दर शुक्रवारी घेतलेली नावे ती. फोन लागत नव्हते, म्हणून ती चिखलातून चालत निघाली. कुठल्या घरी आजारी दादी आहे, कुणाला दम्याचा पंप लागतो, कुणाचे अब्बा परदेशात आहेत आणि घरात फक्त बायका आहेत, हे सगळे त्यांना वर्षभराच्या फोनवरून ठाऊक होते. कुठे औषध पोहोचवायचे, कुठे आधी पाणी न्यायचे, हे विचारत बसावे लागले नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चाचांच्या हाती पूर्ण यादी होती. 63 पैकी 63 सलामत. अल्हम्दुलिल्लाह.

मग घरे साफ करायची होती. कोकणातला पुराचा चिखल ज्याने उपसला आहे त्यालाच तो कळतो. घोट्यापर्यंत पाय रुततात आणि फावडे चिकटून बसते. आमच्या मुलांनी रांग लावून बादल्या हातोहात बाहेर काढल्या. रांगेत उभे राहणे आणि एका आवाजावर हलणे, एवढे तरी त्यांना येत होते. बादल्या मोजताना त्यांनी वर्गातलेच जपानी आकडे लावले, इच, नी, सान, शी. मदतीला आलेले बाहेरगावचे लोक चकित होऊन पाहत होते. सरांच्या घरातही कमरेएवढा चिखल होता. तो उपसायला रांग पलीकडच्या आळीत गेली, तेव्हा सरांच्या आईने सगळ्यांना काळा चहा पाजला. दूध कुठेच नव्हते.

हॉलमध्ये गेलो ते दहा दिवसांनी. 48 मॅट होत्या, त्यातल्या 31 सापडल्या. एक शाळेच्या कुंपणावर, दोन मागच्या पेरूच्या झाडात अडकलेल्या. पंचिंग पॅड कुजले होते. प्रमाणपत्रे, पावतीपुस्तक आणि हजेरीचे रजिस्टर यांचा लगदा झाला होता.

मॅट धुऊन उन्हाची वाट पाहत वाळत घातल्या होत्या, तेव्हा सरांनी मुलांना गिचिन फुनाकोशी यांची गोष्ट सांगितली. ओकिनावा बेटावरचे हे शाळामास्तर 1922 मध्ये टोकियोला आले आणि त्यांनी तिथे कराटे रुजवला. शिष्यांनी पैसे जमवून त्यांच्यासाठी शोतोकान नावाचे सरावगृह बांधले. 1945 च्या बॉम्बहल्ल्यांत ते जळून गेले. त्याच वर्षी त्यांच्याबरोबर शिकवणारा मुलगा आजाराने वारला, दोन वर्षांनी पत्नी गेली. म्हातारपणी माणसाजवळ काही उरले नाही. पण युद्धातून वाचलेले शिष्य एकमेकांना शोधत पुन्हा गोळा झाले आणि 1949 मध्ये त्यांनी संघटना उभी केली. आज जगात शोतोकान हे नाव ठाऊक आहे ते त्या परत आलेल्या शिष्यांमुळे. एका मुलाने विचारले, "सर, त्यांचं रजिस्टर पण जळलं असेल?" सर हसले आणि म्हणाले, "आपलं आधी लिहून काढू."

त्याच संध्याकाळी एका घराच्या पडवीत नवी वही उघडली. चाचांनी पहिले नाव लिहिले आणि मग मुले एकेक नाव सांगत गेली. कुणाचा पट्टा कुठला, कुणी कधी प्रवेश घेतला, सगळे आठवून. तासाभरात 63 नावे पुरी झाली.

7 ऑगस्टची लढत

टोकियो ऑलिम्पिकमध्ये त्या वर्षी कराटे पहिल्यांदाच होता. 7 ऑगस्टला नीरज चोप्राने भाल्याचे सुवर्ण जिंकले, ते साऱ्या देशाने पाहिले. आमच्या मुलांनी एका मोबाईलभोवती बसून त्याच दिवशीचे कराटेही पाहिले. इजिप्तच्या फेरियाल अश्रफने 61 किलोवरील गटात सुवर्ण घेतले. ऑलिम्पिक सुवर्ण जिंकणारी ती इजिप्तची पहिली महिला. आमच्या मुली कितीतरी वेळ टाळ्या वाजवत होत्या. इराणच्या मुली हिजाब घालून त्याच मैदानात उतरलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. "स्कार्फ घालून कुठं खेळतात का?" या नातेवाइकांच्या प्रश्नाला आता वेगळे उत्तर द्यायला नको होते.

पुरुषांच्या 75 किलोवरील गटाच्या अंतिम लढतीत सौदी अरेबियाचा तारेग हमदी 4-1 असा पुढे होता. त्याची एक लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेहला इतकी जोरात बसली की तो बेशुद्ध पडला. नियमानुसार वार आवरता आला पाहिजे. हमदीला बाद केले गेले आणि सुवर्ण गंजजादेहला मिळाले. मुलांत मोठा वाद झाला. सर म्हणाले, "मारता सगळ्यांना येतं. जिथं थांबायचं तिथं थांबणं शिकायला आपण येतो." घरात चिखलाचा वास होता, डोक्यावर कर्ज होते आणि आमच्यातल्या मोठ्यांचाही राग नाकावर होता. ते वाक्य आम्हा पालकांनाही लागू पडले.

परत आलेल्या आणि न आलेल्या

हॉल दुरुस्त होईपर्यंत कतारला असलेल्या एका भाईंनी आपल्या घराची गच्ची दिली. पहिल्या दिवशी 11 मुले आली, त्यात तीन मुली. मुलगे हळूहळू परतले. मुलींचे तसे नसते. मुलगा सहा महिने घरी बसला तर सहा महिने मोठा होतो. मुलगी तेवढीच बसली तर लोकांच्या लेखी ती "आता मोठी झाली". लॉकडाउन आणि पूर मिळून दीड वर्ष गेले होते.

ब्राऊन बेल्टपर्यंत पोहोचलेल्या एका मुलीचे अब्बा कुवेतहून काम सोडून आले होते. घरात तिच्या लग्नाचा विषय निघाला होता आणि दादीचा वर्गाला सक्त नकार होता. आमच्या दोन्ही आपा तिच्या घरी तीन वेळा गेल्या. कराटेचा विषय त्यांनी काढलाच नाही. दादीच्या गुडघ्यांना तेल लावून दिले, पुराच्या आठवणी ऐकल्या. तिसऱ्या वेळी दादीच म्हणाली, "तुमच्यात बाकावर बसायला कुणी लागतं ना? मी येते. पोरगी माझ्यासोबत येईल." आज ती दादी आमच्या बाकावरची कायमची आहे. मुलगी पुढच्या वर्षी ब्लॅक बेल्ट झाली आणि आता लहान मुलींच्या रांगेपुढे उभी राहते.

सगळ्यांचे असे झाले नाही. 27 पैकी आठ मुली परतल्या नाहीत. दोघींची लग्ने झाली, काहींची घरे मुंब्र्याला गेली, काहींच्या घरी दार उघडले पण बोलणे झाले नाही. त्यांची नावे चाचांनी खोडली नाहीत. हजेरी घेताना ती वाचतात, क्षणभर थांबतात आणि पुढे जातात. शुक्रवारचे फोन त्यांनाही जातात.

आता पुन्हा पन्नासच्या वर मुले आहेत. रमजानमध्ये फक्त काता होतो, तोही इफ्तारच्या आधी अर्धा तास, ज्याला झेपेल त्याने. पाकिटांचा डबा तसाच चालू आहे. मॅट वरच्या मजल्यावर ठेवतो आणि रजिस्टरची एक प्रत सरांच्या घरी असते.

आपल्यापैकी कुणी असा वर्ग चालवत असाल, कराटेचा असो, शिवणाचा असो की कुरआन पठणाचा, तर आमच्या अनुभवातली एक गोष्ट घ्या. चांगल्या दिवसांतच नावे वाटून घ्या. प्रत्येक मुलामागे त्याची विचारपूस करणारे एक माणूस ठरवा आणि शिकवणाऱ्याच्या घरी काय शिजते याचीही खबर ठेवा. जागा जाते, सामान वाहून जाते. या शुक्रवारी कुणाला फोन करायचा हे ज्यांना ठाऊक आहे, ती माणसे दुसऱ्या दिवशी कुणाच्याही गच्चीवर वर्ग भरवू शकतात, इन्शाअल्लाह.